नवीन कॅमेरा घेताय? आधी हुकलेला फोटो दाखवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की आपल्या गोव्यात चवथीची खरेदी सुरू होते आणि हल्ली या खरेदीत गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाबरोबर कॅमेरा पण यायला लागलाय. पेपर उघडला की हप्त्यांच्या जाहिराती, शून्य व्याज, शून्य डाऊन पेमेंट, जुना द्या नवा न्या. मी फोंडा तालुक्यात गेली वीस वर्षं लग्नं, मुंजी, जत्रा, देवळातले उत्सव आणि नाटकं यांचे फोटो काढून घर चालवतोय. हे पत्र लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्याभरात माझ्याकडे तीन पोरं येऊन गेली, तिघांचा प्रश्न एकच, काका नवीन कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ. तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही की आत्ताचा कॅमेरा नेमका कुठे कमी पडतोय.

त्यातला एक आमच्याच वाड्यावरचा, बावीस वर्षांचा. आयटीआय केलंय, शनिवार-रविवार एका फोटोग्राफरबरोबर असिस्टंट म्हणून जातो आणि हात चांगला आहे, फ्रेम बघायची नजर आहे त्याला. त्याच्याकडे निकॉनचा डी५३०० आहे, २४ मेगापिक्सेलचा, आणि बरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स. त्याला घ्यायचा होता फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा आणि आत आरसा नसलेला, लेन्ससकट एक लाख ऐंशी हजार, बारा हप्ते, महिन्याला पंधरा हजार. कागदपत्रं तयार होती, फक्त पणजीला दुकानात माझ्याबरोबर या एवढंच त्याचं म्हणणं.

मी म्हटलं येतो, पण आधी मला तुझा हुकलेला फोटो दाखव.

त्याने मोबाईलवर गेल्या जत्रेतल्या नाटकाचे फोटो दाखवले. सगळे हललेले, चेहरे पिवळे, हात तर नुसते पुसल्यासारखे. म्हणाला बघा काका, हा कॅमेरा रात्रीचा चालतच नाही. मी फोटोची माहिती उघडून बघितली, ५५ मिलिमीटर, एफ ५.६, शटर १/३०, आयएसओ १६००, कॅमेरा पूर्ण ऑटोवर. एफ म्हणजे लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढा उजेड जास्त; शटर म्हणजे ते किती सेकंद उघडं राहतं; आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील. आता १/३० सेकंदात रंगमंचावरचा माणूस हात हलवणार, मान वळवणार, तो हललेलाच येणार, कॅमेरा पाच लाखांचा असला तरी तसाच येणार. जाहिरातीत पाच स्टॉपचं स्टॅबिलायझेशन म्हणून लिहितात ना (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), ते आपला हात हलतो त्याच्यासाठी असतं, समोरचा माणूस हलतो त्याला ते काहीच करू शकत नाही, हे कुणी पोरांना सांगतच नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या देवळात श्रावणातलं भजन होतं. त्याला म्हटलं चल, तुझाच कॅमेरा घे. सभामंडपात दोन ट्यूबलाईट, गाभाऱ्याकडून समईचा उजेड, बास. पखवाजवाले काका खांबाला टेकून बसलेले. पहिला फोटो त्याच्या किट लेन्सवर काढला, ५५ वर झूम, पूर्ण ऑटो, परत तेच, एफ ५.६ आणि १/३०, पखवाजावरचा हात म्हणजे नुसता एक धूसर पट्टा. मग माझ्या पिशवीतली ५० एमएम एफ १.८ लेन्स काढून त्याच्या बॉडीला, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याला, लावली आणि एफ २ वर ठेवली. ५.६ वरून २ वर आलं की लेन्समधून प्रकाश आठपट येतो, म्हणजे तीन स्टॉप, म्हणजे तेवढ्याच आयएसओला शटर १/३० वरून थेट १/२५० वर. मग आयएसओ ३२०० केला आणि १/५०० मिळालं. थाप पडायच्या क्षणी बटण दाबलं. फोटो मोठा करून बघितला तर काकांची बोटं पसरलेली, पखवाजाच्या पुडीवरच्या शाईची कड दिसतेय, मनगटावरचा दोरा दिसतोय आणि मागे समईची ज्योत विरघळलेली. दाणे होते थोडे, पण कुणाच्या डोळ्यात खुपणार नाहीत इतपतच. तो पोरगा पाच मिनिटं काहीच बोलला नाही, नुसता स्क्रीनवर मागेपुढे करत राहिला.

आता हिशेब बघा. तो जो फुल फ्रेम घेणार होता त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, त्याच्या आत्ताच्या कॅमेऱ्यातला साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा. क्षेत्रफळ सव्वादोन-अडीच पट, प्रकाशाच्या भाषेत एक स्टॉपपेक्षा थोडं जास्त, फार तर सव्वा स्टॉप. म्हणजे एक लाख ऐंशी हजारांत सव्वा स्टॉप आणि माझी ती ५० ची लेन्स, जी मी सेकंडहँड सहा हजारांना घेतलेली, तिच्यात तीन स्टॉप. आणि वर त्या महागड्या किटमध्ये जी लेन्स येते ती पण टोकाला एफ ५.६ किंवा ६.३, काही कंपन्यांची तर ७.१, म्हणजे बॉडीने जे कमावलं त्यातलं काही लेन्स परत घालवू शकते. नाटक तसंच हललेलं येणार आणि हप्ता मात्र चालू.

लेन्स घेताना एक गोष्ट बघायची, कारण इथे पण पोरं फसतात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या लहान बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतली तर ऑटोफोकस चालणार नाही, मोटर लेन्समध्येच असलेली एएफ-एस बघून घ्यावी लागते.

नवीन कॅमेरा घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः तीनदा बॉडी बदललीय, आणि दोन वेळा कारण इतकं स्पष्ट होतं की आजही ते दिवस डोळ्यासमोर आहेत.

रोलच्या कॅमेऱ्यानंतर माझा पहिला डिजिटल निकॉन डी९०, २००९ साली घेतलेला, १२ मेगापिक्सेल. त्याच्यावर मी सहा वर्षं लग्नं केली. लोक म्हणायचे १२ मेगापिक्सेल कमी पडत नाही का, तर नाही पडायचे. अल्बमच्या १२ बाय १८ इंचाच्या पानावर त्याचा फोटो साधारण २३७ डीपीआयला, म्हणजे इंचाला २३७ ठिपक्यांना, बसायचा आणि मांडीवर अल्बम घेऊन बघणाऱ्याला त्यात काहीच उणं दिसत नाही. पण त्या कॅमेऱ्यात कार्डाची खाच एकच होती. २०१४ च्या मे महिन्यात एका लग्नात मुहूर्त झाला, सप्तपदी झाली, मी कार्ड बदललं, आणि रात्री घरी येऊन पहिलं कार्ड लॅपटॉपला लावलं तर फॉरमॅट करा म्हणून मेसेज. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून रात्रभर बसलो, काही फोटो आले, बरेच अर्धे करडे आले, सप्तपदीचा एकही पूर्ण आला नाही. मुलीच्या वडिलांच्या घरी जाऊन सांगावं लागलं. ते एक शब्द वाईट बोलले नाहीत, चहा दिला, आणि मला आजपर्यंत कुणाच्या ओरडण्याचा एवढा त्रास झाला नाही जेवढा त्या चहाचा झाला. लग्न पुन्हा लागत नसतं. पुढच्या वर्षी मी डी७५० घेतला, दोन कार्डांच्या खाचांचा, प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हीकडे लिहिला जातो, आणि तो पैसा गेला असं मला एक दिवसही वाटलं नाही. लग्नं घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की तुमच्या बॉडीला एकच खाच असेल तर तुमचं अपग्रेडचं कारण तयार आहे, मग ते दोन खाचांचं जुनं सेकंडहँड मॉडेल का असेना.

दुसरं कारण नाटकाचं. आपल्याकडे मराठी नाटक म्हणजे देवळाच्या जत्रेपासून स्पर्धेपर्यंत वर्षभर कुठे ना कुठे चालूच असतं आणि मी पहिल्या रांगेच्या कडेला बसून फोटो काढायचो. डीएसएलआरचा आरसा वर जातो, खाली येतो, प्रत्येक फोटोला खटॅक. एका गंभीर प्रवेशात, रंगमंचावर पूर्ण शांतता असताना, माझ्या कॅमेऱ्याच्या आवाजाने नटीची नजर माझ्याकडे वळली. अर्ध्या सेकंदापुरतीच, पण वळली. त्यानंतर मी कॅमेऱ्यावर जाड कापड गुंडाळून बघितलं, क्वाएट मोड लावून बघितला, मागे जाऊन लांब लेन्स लावून बघितली, आणि तरी पुरेना म्हणून शेवटी २०२२ मध्ये आवाज न करणारा मिररलेस, झेड ६ टू घेतला. आधी जे काही करता येईल ते सगळं करून झालं होतं, मग पैसे काढले.

त्यात पण एक मेख आहे जी मला दुकानात कुणी सांगितली नाही. आवाज बंद केला की कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर जातो आणि बऱ्याचशा कॅमेऱ्यांत सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो, त्याला वेळ लागतो. आता स्टेजवर सगळीकडे एलईडी, आणि आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर जलद ठेवलं की फोटोवर आडवे काळे पट्टे. पहिल्या नाटकात माझे दीडशे फोटो तसे आले. मग कळलं की १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात, पण मग हालचाल पकडायला नटाच्या थांबण्याची वाट बघावी लागते. शिवाय माझी जुनी ८०-२०० एफ २.८ एएफ-डी लेन्स, जिच्यावर अर्धं आयुष्य काढलं, ती अ‍ॅडाप्टर लावून बसते पण ऑटोफोकस होत नाही. निकॉन आणि कॅनन दोघांनीही २०१८ पासून मिररलेसला नवा माऊंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, आणलाय, तेव्हा बॉडी बदलताना आपल्या कपाटातली कुठली लेन्स चालेल आणि कुठली नुसती शोभेला राहील हे कागदावर लिहून मगच दुकानात जावं.

आणि आपल्या गोव्यात अजून एक गोष्ट आहे जी मुंबई-पुण्याच्या यूट्यूबवाल्यांना माहीत असायचं कारण नाही. ती म्हणजे बुरशी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कपाटातले चामड्याचे पट्टे हिरवे होतात, मग लेन्स कशी वाचेल. माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात फोटो आता पहिल्यासारखे शार्प येत नाहीत, सगळं धुकं-धुकं दिसतं, कॅमेरा जुना झाला बहुतेक. मी लेन्स हातात घेतो, मागून मोबाईलचा टॉर्च मारतो आणि आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दाखवतो. कॅमेरा जुना झालेला नसतो, लेन्स पावसाळाभर कापडी पिशवीत घालून लाकडी कपाटात ठेवलेली असते. लवकर लक्षात आलं तर साफ होऊन मिळते, उशीर झाला तर बुरशी काचेवरचं कोटिंग खाते आणि मग ती लेन्स गेलीच. २०१६ च्या पावसाळ्यात माझी स्वतःची एक गेलीय.

म्हणून पहिले पैसे कशावर घालू असं विचारणाऱ्याला मी सांगतो की ड्राय कॅबिनेट घे, आतली आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर ठेव. तेवढे नसतील तर हवाबंद झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात निळी सिलिका जेल आणि शंभर-दोनशेचा तो लहान आर्द्रता दाखवणारा काटा. निळे दाणे गुलाबी झाले की ओले झाले, तव्यावर मंद आचेवर हलवत गरम केले की परत निळे होतात, तो तवा मात्र परत भाकरीला वापरू नये. तांदूळ घालू नये, त्याची पूड आत जाते. पंधरा दिवसांतून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरायचा. आणि एसी हॉलमधून एकदम बाहेर दमट हवेत आलं की काचेवर वाफ धरते, तेव्हा पिशवीची चेन अर्धा तास उघडायचीच नाही, कॅमेरा आत सावकाश गरम होऊ द्यायचा. मिरामार नाहीतर कोलव्याला दिवसभर फिरून आलात तर घरी येऊन बॉडी जरा ओलसर फडक्याने पुसून कोरडी करायची, खारं पाणी बटणांत बसतं. डबा घेतला तर या सगळ्याला फार पैसे लागत नाहीत आणि कॅमेऱ्याचं आयुष्य कितीतरी वाढतं.

पाण्यावरून माशेलचा चिखलकालो आठवला. देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढात पोरं-म्हातारे चिखलात लोळतात, वरून पाऊस, आणि फोटो असे मिळतात की वर्षभर पुरतात. तिथे मात्र चांगल्या, पाणी अडवणाऱ्या सीलिंगच्या बॉडीचा खरोखर उपयोग आहे, पण लेन्स पण सीलवाली हवी, नाहीतर पाणी माऊंटमधून आत. वर्षातून एकदाच जाणार असाल तर प्लॅस्टिकची पिशवी, पुढे लेन्सएवढं भोक आणि रबरबँड, माझं अनेक वर्षं यावरच भागलं.

पक्ष्यांचं गणित अगदी उलटं आहे आणि तिथे फार लोक चुकतात. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात रायबंदरहून फेरीबोटीने जायचं, होडीतून खारफुटीत शिरायचं, आणि खंड्या समोर फांदीवर बसलेला असला तरी फ्रेममध्ये चिमणीएवढाच दिसतो. माझा एक मित्र, मास्तर आहे, त्याच्याकडे लहान सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० ची लेन्स. त्याने फुल फ्रेम घेतला कारण प्रोफेशनल लोक तोच वापरतात असं कुणीतरी सांगितलं. आता लहान सेन्सरवर ३०० ची लेन्स ४५० सारखी फ्रेम देते आणि फुल फ्रेमवर ३०० म्हणजे ३००च. पहिल्याच सकाळी त्याचा खंड्या होता त्याहून लहान झाला. त्याच पैशात जुनी बॉडी ठेवून सेकंडहँड १५०-६०० घेतली असती तर चोडणला काय, करमळीच्या तळ्यावर काय, त्याचं काम झालं असतं. उडते पक्षी काढणाऱ्यांना नवीन बॉडीचा फायदा होतो हे मी मान्य करतो, पक्ष्याचा डोळा ओळखून धरून ठेवणारा जो फोकस आलाय तो हाताला जमत नाही, पण त्याच्यासाठी आधी १/१००० च्या वर शटर ठेवून जुन्या कॅमेऱ्यावर महिनाभर सराव करा आणि मग बघा दहातले किती फोकसमुळे हुकतात.

मेगापिक्सेलबद्दल जास्त लिहीत नाही. १२ बाय १८ ला ३०० डीपीआयने १९.४ मेगापिक्सेल लागतात, २४ चा कॅमेरा त्याच्या पलीकडेच आहे, आणि इन्स्टाग्रामवर रुंदी १०८० पिक्सेल. २४ वरून ४५ वर गेलात तरी रुंदीत वाढतं ते फक्त ३७ टक्के. पण रॉ फाईल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, मात्र जवळपास दुप्पट होते, लग्नाचे तीन हजार फोटो ५० एमबीने धरले तर दीडशे जीबी, मग नवीन कार्ड, नवीन हार्ड डिस्क, आणि शेवटी जुना लॅपटॉप ओढत नाही म्हणून तो पण नवीन.

उलट फुकटातलं अपग्रेड कुणी करत नाही. रॉमध्ये फोटो काढा, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे, कॅननचं डीपीपी फुकट आहे, ट्यूबलाईटचा तो पिवळा-हिरवा रंग दोन मिनिटांत जातो. हॉलला पांढरं छत असेल तर पाच-सहा हजारांचा फ्लॅश वर वळवून मारा, चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. देवळात मात्र फ्लॅश मारू नका, लाकडी उंच छतावरून काही परत येत नाही आणि भजनात बसलेल्या माणसांच्या डोळ्यांवर चमक मारणं बरोबर नाही.

हप्त्यांबद्दल पण बोलायला पाहिजे कारण माझी खरी काळजी तीच आहे. आपल्या धंद्याचं वर्ष सरळ नाही. चातुर्मास लागला की हिंदू लग्नं बंद, ती तुळशीच्या लग्नानंतर, व्हडली दिवाळी झाली की सुरू. ख्रिस्ती लग्नं मधे होत असतात, पण ती घेणारे फोटोग्राफर वेगळे आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, ती पण थांबतात. म्हणजे आत्ता चवथीला कॅमेरा घेणाऱ्या पोराला पहिले तीन हप्ते एकही लग्न न करता भरायचेत. घरच्यांकडून घेतो, मग मोठ्या भावाकडून घेतो, मग पुढच्या सीझनला भाव पाडून काम धरतो कारण हप्ता तुंबलेला असतो, आणि एकाने भाव पाडला की सगळ्यांचाच पडतो. मी माझ्यापुरता नियम केलाय तो असा की वस्तू ज्या कामासाठी घ्यायची ते काम आधी दोन-तीनदा भाड्याच्या वस्तूवर करायचं. लेन्स, बॉडी सगळं दिवसाच्या भाड्याने मिळतं. तीन लग्नांत भाड्याची वस्तू घेतली आणि तिन्ही वेळा तिच्याशिवाय फोटो मिळाला नसता असं वाटलं तर चौथ्या वेळेला विकत घ्यावी.

आणि घ्याल तेव्हा पक्कं बिल घ्या, बिलावर सिरीयल नंबर आणि भारताचं वॉरंटी कार्ड. मी एकदा गोव्याबाहेरच्या एका दुकानातून बारा हजार स्वस्त मिळते म्हणून लेन्स घेतली, चार महिन्यांत फोकस अडकला, तेव्हा कळलं की ती बाहेरून आणलेली, इथे वॉरंटी नाही, आणि दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं. सेकंडहँड घेताना मात्र घाबरू नका, लोक मिररलेसकडे वळल्यामुळे चांगले डीएसएलआर आता निम्म्याहून कमी भावात मिळतायत. शटर किती वेळा पडलंय ते बघा, डी७००० सारख्या बॉडीचं शटर दीड लाखांपर्यंत तपासलेलं असतं, लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघा, एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा, बॅटरी फुगलीय का बघा, आणि विकणारा घाई करत असेल तर परत या.

संपादक महाशय, आपल्या पेपरात चवथीच्या दिवसांत वाचकांनी पाठवलेले माटोळीचे, आराशीचे, फुगड्यांचे फोटो येतात, शिगम्याला रोमटामेळाच्या नाचत्या मिरवणुकीचे येतात. माझी एक विनंती आहे की त्या फोटोंखाली फक्त नाव-गाव न छापता कुठल्या कॅमेऱ्यावर, कुठल्या लेन्सवर, किती शटर आणि आयएसओवर काढला तेवढी एक ओळ छापावी. मोबाईल असेल तर मोबाईल लिहावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, माटोळीचा फोटो मोबाईलवर उत्तम येतो. आपल्या वाड्यावरच्या माणसाने दहा वर्षं जुन्या कॅमेऱ्यावर काढलेला चांगला फोटो पेपरात दिसला तर पोरं आई-बापाकडे दोन लाख मागायच्या आधी थोडं थांबतील.

त्या पोराने हप्त्याचे कागद परत आणले. तेव्हापासून त्याच्याकडे ५० ची लेन्स, झाकणाचा डबा आणि सिलिका जेल आहे. पखवाजवाल्या काकांना ८ बाय १२ ची प्रिंट करून दिली, त्यांनी ती देव्हाऱ्याशेजारी लावलीय. गेल्या सोमवारी परत आला आणि म्हणाला काका, आपल्या मंडपात ५० पुरते पण जत्रेत नाटकाला मी मागे असतो, तिथून नुसता चेहरा मिळत नाही, ८५ ची एफ १.८ भाड्याने घेऊन बघू का. आणि गेल्या वर्षीचे सहा फोटो काढून दाखवले, प्रत्येकात चेहरा फ्रेमच्या आठव्या भागाएवढा. मी हो म्हटलं.

भजनाचा फोटो त्याच्या आणि काकांच्या परवानगीने या पत्रासोबत पाठवतोय. छापलात तर खाली एवढं लिहा, निकॉन डी५३००, ५० एमएम, एफ २, १/५००, आयएसओ ३२००.

आपला,
एक वाचक छायाचित्रकार
फोंडा, गोवा